रोनाल्डिनियो की झिदान?

फुटबॉलमध्ये बघायला जास्त मजा कोणाची, ब्राझीलच्या रोनाल्डिनियोची की फ्रान्सच्या झिदानची, असा प्रश्न आहे. झिदान भारीच, त्यात वादच नाही, पण 'रोनाल्डिनियो म्हणजे नुसती शोबाजी' असं जे म्हणतात ते काय पटलं नाही बुवा. २००५ ला चॅम्पियन्स लीगमध्ये बार्सिलोनाकडून (बार्सा) चेल्सीविरुद्ध त्याने मारलेला गोल परत बघा, बॉक्सच्या बाहेर जागेवर उभा, समोर डिफेंडर्सची भिंत, रनअप नाही काही नाही, नुसती कंबर हलवली आणि बुटाच्या टोकाने बॉल कोपऱ्यात, चेल्सीचा गोलकीपर चेक जागचा हललाच नाही! मॅच बार्सा ४-२ हरली आणि स्पर्धेतून बाहेर पण गेली, तरी लोकांना आठवतो तो हाच गोल. त्याच वर्षी रियल माद्रिदच्या मैदानावर, बर्नाबेऊत, दोन गोल मारले तेव्हा माद्रिदचेच लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, आणि झिदान त्याच मॅचमध्ये समोरच्या टीममध्ये होता बरं का.

आता २००६ च्या वर्ल्ड कप क्वार्टर फायनलला झिदानने अख्ख्या ब्राझीलला नाचवलं हे मान्य, त्या दिवशी रोनाल्डिनियो कुठे दिसलाच नाही. मोठ्या मॅचला झिदानच पाहिजे. पण प्रश्न बघायला मजा कोणाची हा आहे ना, मग रोनाल्डिनियो हसत हसत खेळायचा राव, झिदान कायम परीक्षेला बसल्यासारखा.