रेई नुसता कुढत नाही

'सांगात्सु नो लायन' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतला रेई, म्हणजे शोगी (जपानी बुद्धिबळ) खेळून पैसे कमावणारा शाळकरी मुलगा, नुसता कुढत बसतो, असं काही जण म्हणतात. पहिले काही भाग बघून तसं वाटेलही. पण दुसऱ्या सीझनमधलं (२०१७-१८) हिनाचं, म्हणजे रेईला जीव लावणाऱ्या घरातल्या शाळकरी मुलीचं, प्रकरण बघाच. छळ होणाऱ्या चिहोची, म्हणजे तिच्या मैत्रिणीची, बाजू घेतली म्हणून वर्ग हिनावरच उलटतो. ती नदीकाठी ढसाढसा रडते, भीती वाटते म्हणते, आणि तरी आपलं चुकलं नाही असं ठणकावते. रेई काय करतो? तिला शाळा बदलायला पैसे लागतील म्हणून शोगीचे सामने जिंकायच्या मागे लागतो! त्याच्या शाळेतल्या हायाशिदा सरांना विचारावं लागतं, अरे, तिला काय हवंय ते विचारलंस का? मग शाळेच्या क्योतो सहलीत ती एकटी पडली असेल म्हणून स्वारी पोटाचं औषध घेऊन थेट तिथे. तोडगा काही नाही, नुसती सोबत.

छळ थांबतो तो मात्र शाळेतल्या मोठ्यांनी नेटाने हात घातल्यावरच. 'इव्हँजेलियन' या दुसऱ्या अ‍ॅनिमेमधल्या शिंजी या पोरसवदा नायकाच्या वाट्याला असा एकही धड मोठा माणूस येत नाही (त्याला सांभाळणारी मिसातोसुद्धा नाही, माझ्या मते). आणि हिनाला छळणारी ताकागी शेवटपर्यंत मनापासून पस्तावत नाही, ते मला जास्त खरं वाटलं.