शेवटच्या भागातला चमत्कार खरा की केळीच्या चेंबरचं अज्ञान? (चौथा भाग वाचलेल्यांनीच यावं, शेवट उघड केला आहे)

तापीकाठ:
काल इथे निंभोरा_फाटा यांनी एका ओळीत निकाल लावला: "चौथा भाग म्हणजे उपासनेची पत्रिका. रहस्य वाऱ्यावर सोडून सगळे गुडघे टेकून बसलेत. वाचनालयांनी असली पुस्तकं घेऊच नयेत." एका ओळीत उत्तर देता येईना, म्हणून वेगळा धागा.

ही मालिका ख्रिस्ती प्रेम-रहस्यकथांची आहे आणि पहिल्या भागापासून ते लपवलेलं नाही. हा प्रकार अमेरिकेत रुजला आणि त्याचा साचा ठरलेला आहे. प्रत्येक भागात एक जोडपं, त्या भागापुरता एक गुन्हा, आणि सगळ्या भागांतून जाणारं एक मोठं कोडं. शिवाय तिसरा धागा श्रद्धेचा. शेवटच्या भागात हे तिन्ही एकाच ठिकाणी येऊन सुटावे लागतात. एक जरी लोंबकळत राहिला तरी वाचक फसवला गेला.

आता हिशोब बघा. मोठं कोडं म्हणजे नवापूरच्या मिशन दवाखान्यातल्या हिशेबनिसाचं गायब होणं. पहिल्या भागात त्याची वही दिसते, दुसऱ्यात त्या वहीत सावद्याच्या केळी-व्यापाऱ्याचं नाव दिसतं, तिसऱ्यात दोन पानं फाडलेली कळतात. चौथ्यात तीच पानं पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) घरातल्या जुन्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाच्या पुठ्ठ्यात सापडतात. तो पुठ्ठा पहिल्याच भागात दोनदा येऊन गेला आहे, एकदा तर त्याची शिवण उसवल्याचा उल्लेखही आहे. याला रहस्य वाऱ्यावर सोडणं म्हणत नाहीत. गुन्हेगार शेवटच्या पन्नास पानांत आणून बसवलेला नाही, ही या प्रकारात मोठी गोष्ट आहे.

आणि प्रार्थनेचं म्हणाल, तर मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती बाबा पदमनजींची, १८५७ ची 'यमुनापर्यटन'. ती विधवांच्या दशेवर आहे आणि ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती भूमिकेतूनच लिहिली आहे. आपल्या कादंबरीचा उंबरठाच तो, मग आज विटाळ कसला?

निंभोरा_फाटा:
विटाळ हा शब्द माझ्या तोंडी घालू नका. वाचनालयांबद्दलचं वाक्य रागात लिहिलं, ते मागे घेतो. बाकीचं नाही.

माझा आक्षेप प्रार्थनेवर नाही, तिच्या वेळेवर आहे. नायक फौजदार तीन भाग नास्तिक. दुसऱ्या भागात तर तो पाळकांच्या तोंडावर वाद घालतो, आणि तो वाद मालिकेतलं सर्वांत चांगलं प्रकरण आहे. चौथ्या भागात नायिका, म्हणजे दवाखान्यातली नर्स सिस्टर, केळी पिकवायच्या चेंबरमध्ये कोंडली जाते, हा दाराबाहेर पहिल्यांदा प्रार्थना करतो, आतला गॅस ओसरतो, दार उघडतं, आणि आठ पानांनंतर लग्न. म्हणजे श्रद्धा ही मुलगी मिळण्याची किंमत झाली. ही विश्वासाची कथा नाही, सौद्याची आहे.

पदमनजी काढलेत, तर लक्ष्मीबाई टिळकही आठवा. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मध्ये पाच वर्षं. सोवळं, शिवाशिव, पाणी कुणाच्या हातचं प्यायचं, एकेक गोष्ट सुटत गेली. 'स्मृतिचित्रे' वाचताना तो बदल पटतो, कारण तो दिवसादिवसाने होतो. मराठी वाचकाला हा नमुना माहीत आहे. त्याला एका रात्रीत पालटलेला फौजदार कसा पटेल?

रावेरकर:
तुमचं चालू द्या, पण त्या चेंबरबद्दल कुणी बोलतच नाही. ज्या चमत्कारावर दोघं भांडताय तो घडण्याची गरजच नव्हती.

लेखिका म्हणते, व्यापाऱ्याने गॅस पूर्ण सोडला, सिस्टरचा जीव गुदमरला, हाडं गोठवणारी थंडी होती, आणि दार उघडलं तेव्हा केळी सोन्यासारखी पिवळी झाली होती. एका रात्रीत!

रायपनिंग चेंबर असा चालतो. कच्ची केळी क्रेटमध्ये भरून लावतात, क्रेटच्या थप्प्यांत हवा फिरायला फट ठेवतात. गराचं तापमान १६ ते १८ अंशांवर आणतात, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. मग इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, सोडतात १०० पीपीएमच्या आसपास, २४ तास. त्यानंतर हवा बदलतात. १८ अंशांवर रंग यायला चार दिवस लागतात, १४ वर ठेवलं तर आठवडा. रात्री दहाला गॅस सोडून पहाटे चारला पिवळी केळी जगात कुठे मिळत नाहीत.

हाडं गोठवणारी थंडी असती, तर केळी पिवळी झालीच नसती. १३ अंशांच्या खाली केळ्याला थंडी बाधते. साल राखट पडते, सालीखालच्या शिरा तपकिरी होतात, आणि नंतर कितीही ऊब दिली तरी खरा पिवळा रंग येत नाही. तो माल व्यापारी हात लावून परत पाठवतो.

आणि १०० पीपीएम म्हणजे शेकडा ०.०१. तेवढ्या इथिलीनने माणूस गुदमरत नाही. मग ओसरला तो कुठला गॅस?

सातपुडा_पायथा:
रावेरकर भाऊ, पुस्तक नीट वाचा. लेखिकेने इथिलीन हा शब्द वापरलेलाच नाही. सिस्टरला "लसणासारखा वास" येतो. तो कार्बाइडचा. इथिलीनचा वास किंचित गोडसर असतो. कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन सुटतो, आणि बाजारच्या कार्बाइडमधल्या भेसळीमुळे फॉस्फीन मिसळून लसणाचा वास येतो. व्यापारी बंदी असलेला माल वापरतो हाच तर वहीतल्या नोंदींचा अर्थ! फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतही स्पष्ट बंदी आहे. तिसऱ्या भागात 'दगड, ४ पुड्या' अशी नोंद आहे, ती याचसाठी. लेखिकेला अडाणी ठरवण्याआधी एवढं तरी बघायचं.

रावेरकर:
लसणाचा वास मान्य. तो माझ्या नजरेतून सुटला. पण त्याने लेखिका सुटत नाही, उलट जास्त अडकते.

सिस्टर आणि फौजदार बाहेर पडल्यावर बल्बच्या ठिणगीने चेंबर उडतो. चेंबर दहा टनांचा दाखवलाय, म्हणजे साधारण २० बाय १२ बाय १२ फूट, ८० घनमीटर. केळी-क्रेट वजा करून हवा ६५ ते ७०. ॲसिटिलीन पेट घ्यायला हवेत निदान २.५ टक्के लागतो, म्हणजे १७०० लिटरच्या आसपास. एक किलो कार्बाइडपासून चांगला निघाला तर ३०० लिटर. म्हणजे सहा किलो कार्बाइड पूर्ण भिजलं पाहिजे. वहीत चार पुड्या! चार पुड्यांनी डोकं दुखेल, घसा खवखवेल, भिंत उडणार नाही.

इथिलीन धरलं तरी तेच. त्याची पेटण्याची खालची मर्यादा २.७ टक्के, म्हणजे पिकवणीच्या प्रमाणाच्या २७० पट.

शिवाय असल्या खोल्यांच्या दाराला आतून ढकलायची खुंटी असते. कुणी आत राहिलं तर बाहेर पडता यावं म्हणूनच ती बसवतात.

सातपुडा_पायथा:
खुंटी मोडलेली आहे. सिस्टर अंधारात चाचपडते तेव्हा तिच्या हाताला नुसतं भोक लागतं आणि बोट कापतं. स्फोटाचं गणित तुमचं बरोबर असेल. पण प्रत्येक रहस्यकथेत वजनकाटा घेऊन बसलात तर एकही शिल्लक राहणार नाही.

रावेरकर:
वजनकाटा का नको? पुठ्ठ्याची उसवलेली शिवण पहिल्या भागापासून जपणाऱ्या लेखिकेकडून तशीच काटेकोर केळी मागितली तर चुकलं काय? शिवणीला शाबासकी आणि चेंबरला माफी, हा न्याय मला कळत नाही. वाचणारे निम्मे लोक रावेर, यावल, चोपड्याचे आहेत. त्यांनी दररोज बघितलेली गोष्ट चुकीची छापली, की त्यांनी न बघितलेल्या गोष्टीवरचाही त्यांचा विश्वास जातो.

मोसमखोरे:
दररोजच्या गोष्टींवर आलाच आहात तर बोलीचं काय? सावद्याचा व्यापारी "काय करी राहिना" म्हणतो. ती अहिराणी, धुळे-साक्री-शिरपूरकडची. सावदा-फैजपूरला लेवा गणबोली. तिथला माणूस "काय करू ऱ्हायला" म्हणेल. आणि सिस्टरची आई नवापूरची मावची आदिवासी, तिची बोली मावची, तर तिच्याही तोंडी अहिराणी! अख्खा खानदेश एकच बोली बोलतो असं बाहेरच्यांनी लिहिलं तर समजू शकतो, आपल्याकडच्या लेखिकेने लिहावं याचा त्रास होतो. बहिणाबाईंची लेवा बोलीतली कविता अहिराणी म्हणून छापणाऱ्यांनी ही सवय लावली. तीन बोलींना तीन वेगळे कान लागतात.

तापीकाठ:
मोसमखोरे, बोलीचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण कृपा करून मूळ प्रश्नावर या. फौजदाराचा बदल खरा की सौदा?

कचेरी_रोड:
मूळ प्रश्नावरच येतो, कायद्याच्या बाजूने. लग्न रात्री साडेअकराला, दवाखान्यात, पाळकांच्या हस्ते लागतं. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२, कलम १०: लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात यांमध्येच. सूट आहे ती काही ठरावीक चर्चच्या धर्मगुरूंना. गावच्या मिशन मंडळीच्या (चर्चच्या) पाळकाला ती नाही. जाणूनबुजून वेळेबाहेर लग्न लावलं तर कलम ६९ खाली लावणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. ज्या पाळकाला लेखिका सगळ्यांत सज्जन दाखवते त्याच्याच हातून तिने गुन्हा करवला.

दुसरं. पाळक म्हणतात, हिशेबनिसाने कबुली दिली होती, ती मी सांगू शकत नव्हतो. पापनिवेदनाची ती गुप्तता कॅथलिक फादरची, चर्चच्या नियमाने. प्रोटेस्टंट पाळकाकडे तो संस्कारच नाही. आणि साक्षीच्या कायद्याने संरक्षण वकील-अशिलाच्या आणि नवरा-बायकोच्या बोलण्याला दिलं आहे, धर्मगुरूसाठी तशी तरतूद नाही. म्हणजे तीन भाग पाळक गप्प राहिले त्याला ना चर्चचा आधार ना कायद्याचा. मालिकेचं मोठं कोडं त्याच गप्प राहण्यावर उभं आहे, ही खरी भेग.

तिसरं निंभोरा_फाटा यांच्यासाठी. याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी पुरतं. फौजदाराने धर्म बदलण्याची कायद्याला गरज नव्हती.

निंभोरा_फाटा:
हेच! कायद्याला गरज नाही, तरी लेखिकेला घाई. तो अविश्वासी राहून लग्न करतो आणि प्रश्न उघडा राहतो, असा शेवट किती धीराचा झाला असता.

तापीकाठ:
नाही, तो शेवट या मालिकेत बसत नाही. सिस्टर मंडळीतली आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, ६:१४ ला, अविश्वासी माणसाशी विजोड होऊ नका असं आहे. मुळात ती जुवाची प्रतिमा आहे. खांदे सारखे नसलेले दोन बैल एका जुवाला जुंपले की तास वाकडं जातं आणि बैलाची मान सोलते. सिस्टर दोन भाग याच वचनापायी त्याला नाही म्हणते. शेवटी तिने ते सोडून दिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता की तिची श्रद्धा दिखाऊ होती. तुम्हाला फौजदाराचा प्रामाणिकपणा दिसतो, तिचा दिसत नाही, याचा मला राग येतो.

निंभोरा_फाटा:
तिचा नकार खरा आहे, हे मी मानतो. तो दुसऱ्या भागातला नकार तर मालिकेतला कणा आहे. म्हणूनच त्याचा होकारही तेवढ्याच तोलाचा हवा होता. दार उघडलं म्हणून मानलं, हे मला हलकं वाटतं. न उघडतं तर?

रावेरकर:
यावर मला चेंबरकडेच परत यावं लागेल. मघाशी विचारलं होतं ओसरला कुठला गॅस. माणसाला मारणारा गॅस त्या खोलीत खरंच असतो, फक्त तो कुणी सोडावा लागत नाही. केळी स्वतः सोडतात.

पिकणारी केळी श्वास घेतात. १८ अंशांवर हिरवा माल किलोमागे तासाला १५ मिलिलिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, रंग धरायला लागला की ६० पर्यंत जातो. दहा टनांना तो होतो तासाला ६०० लिटर. हवा ६५-७० घनमीटर, म्हणजे दर तासाला जवळजवळ एक टक्का. जेवढा तो वाढतो साधारण तेवढाच प्राणवायू घटतो. म्हणून पंखा लावून किंवा दार उघडून हवा बदलतात आणि तो एक टक्क्याच्या आत ठेवतात, नाहीतर पिकवणीही अडते. खोली खरंच हवाबंद असेल आणि हवा बदलली नाही, तर पाच तासांत डोकं ठणकतं, धाप लागते. दहा टक्क्यांजवळ शुद्ध जाते. त्याला वास नाही, रंग नाही. फळ मात्र चांगलं दिसत असतं.

लेखिकेने सिस्टरला तिसऱ्या दिवशीच्या मालात कोंडायला हवं होतं. केळी तेव्हा पिवळी होतच असतात, सोन्याचं वाक्यही वाचलं असतं. गॅसची तोटी नको, स्फोट नको. व्यापाऱ्याने फक्त हवा बदलायचा पंखा बंद करायचा. आणि फौजदार बाहेर बसून प्रार्थना करतो तेव्हा काहीही ओसरत नाही. दर तासाला एक टक्का वाढतच राहतो. त्याला मशीन कळत नाही, दाराची खुंटी मोडलेली, आणि तरीही तो प्रार्थना सोडत नाही. दार कुणी मजूर पहाटे हवा बदलायला उघडतो, रोजच्या वेळेला.

निंभोरा_फाटा:
असं असतं तर मी गप्प बसलो असतो. उत्तर मिळालं म्हणून नाही, उत्तर मिळत नसताना तो बसून राहिला म्हणून मानलं असतं.

तापीकाठ:
मला चेंबरचा शेवट आहे तसाही भावला, ते बदलत नाही. पण मजुराने रोजच्या वेळेला दार उघडण्यात प्रार्थना ऐकली गेलेली मला जास्त दिसते, हे कबूल करतो. आणि रात्रीचं लग्न सकाळी सहानंतर लावा, पाळक तुरुंगात नको.

मोसमखोरे:
तो मजूर बोलणार कुठली बोली, तेवढं आधी ठरवा. सावद्याच्या चेंबरवर सातपुड्यातले पावरा-तडवी आदिवासीही कामाला असतात. त्याच्या तोंडी पुन्हा "काय करी राहिना" नको.