मदत हवी आहे: ग्रिलमध्ये भाजी लावायची आहे, अगदी नवखी आहे

नमस्कार मंडळी, नेरूळला चौथ्या मजल्यावर राहते. हॉलच्या खिडकीला बॉक्स ग्रिल (खिडकीबाहेर काढलेला जाळीचा पिंजरा) आहे, पश्चिमेकडे तोंड. ऊन दुपारी दोननंतर येतं ते सूर्य मावळेपर्यंत, म्हणजे साधारण चार तास. आजवर तुळशीपलीकडे काही लावलेलं नाही.

टोमॅटो, वांगी यांना सहा तास तरी ऊन लागतं असं वाचलं, म्हणून तो मोह सोडला. मेथी, लाल माठ, पालक एवढ्या उन्हात येतील ना? मेथीसाठी स्वयंपाकघरातलेच दाणे भिजवून पेरले तर चालतात का, की बियाणं वेगळं आणायचं? आणि घरच्यांना मिरची हवीच आहे, ती चार तासांत धरेल का?

खरी अडचण वजनाची. नुसती लाल माती भरली तर ओल्या कुंड्या ग्रिलला झेपतील असं वाटत नाही. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समप्रमाणात घेतलं तर हलकं होईल ना? त्यात निंबोळी पेंड किती घालायची?

दुसरं म्हणजे पाणी. खालच्या काकूंची वाळवणं आमच्या ग्रिलच्या बरोब्बर खाली असतात (आणि काकूंचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत सहज पोचतो), तेव्हा कुंडीखाली ताटली हवीच. पण जून ते सप्टेंबर ताटल्या भरून डास होतील, मुळं कुजतील. पावसाळ्यात तुम्ही ताटल्या काढता की कुंड्याच आत घेता?

कबुतरांवर जाळीशिवाय दुसरा उपाय असेल तर तोही सांगा.