मदत हवी आहे: ‘रन’ला मराठी शब्द (तातडीचं)

शेवटचा_बाक: ‘रन’ला नेमका मराठी शब्द काय? ‘धावणे’ लिहिलं तर साहेबांनी लाल रेघ मारून परत पाठवलं. सहापर्यंत द्यायचंय. शब्दकोश बघून झालाय, तो सुचवू नका.

गोदाकाठ: वाक्य द्या. क्रिकेट असेल तर धाव.

जुनी_वही: ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक त्यावर नऊ महिने बसले होते. आणि तुम्हाला सहापर्यंत हवाय!

पहाटफेरी: सुरुवातीला एकदम धावू नका, भरभर चाला. बूट सैलसर घ्या.

शेवटचा_बाक: अहो, मी कुठे धावतोय? वाक्य आहे ‘डू नॉट रन द पंप ड्राय’.

गोदाकाठ: हे आधी सांगायचं ना! ‘पंप कोरडा चालवू नये.’

विहीरवाला: कोरडा म्हणजे? माणूस पंप पुसत बसेल. ‘पाणी नसताना पंप चालू करू नका’ लिहा. गेल्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, माझी काठावरची मोनोब्लॉक मोटर तशीच फिरत राहिली. सील जळालं. पाण्यानेच ते थंड राहतं.

शुद्धलेखनी: पंप नव्हे, उदंचक.

विहीरवाला: उदंचक दुरुस्त करणारा मिस्त्री सापडला तर कळवा.

जुनी_वही: गंमत बघा, त्यांचं मशीन पळतं, आपलं चालतं. घड्याळ चालतं, दुकान चालतं. पण नाक वाहतं, कपड्याचा रंग जातो आणि निवडणूक लढवतात. इंग्रजीत सगळीकडे रनच.

शुद्धलेखनी: म्हणूनच मराठी समृद्ध.

जुनी_वही: मग आपल्या ‘लागणे’चे अर्थ मोजा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, गाडी लागते. तीही दोन प्रकारे, फलाटाला आणि पोटाला.

शेवटचा_बाक: भांडण नंतर. अजून एक आहे: ‘केबल रन’ ३० मीटरपेक्षा जास्त नको.

गोदाकाठ: केबलची लांबी. वायरमन वायर ओढतो, पळवत नाही. बाय द वे, पंप कुठला? सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचा?

शेवटचा_बाक: हो, मग दुसरा कुठला असणार?

विहीरवाला: अरे देवा. मग माझं वाक्य खोडा. ‘पंप पाण्यात पूर्ण बुडालेला असल्याशिवाय चालू करू नका.’ आमच्याकडे बोअरमध्ये पाणी असतं, पण पंपाच्या खाली.