सणानिमित्त गरजू कुटुंबांसाठी मदत गोळा करायची आहे. नियोजन कसे करावे?

वाटसरू (प्रश्न)

नमस्कार. आम्ही काही सहकारी मिळून या वर्षी सणाच्या आधी तीस-चाळीस गरजू कुटुंबांपर्यंत मदत पोहोचवण्याचा विचार करीत आहोत. आमच्या परिचयातील एका गटाने यापूर्वी "जे जमेल ते आणून द्या" असे सरसकट आवाहन केले होते. तेव्हा वापरलेल्या कपड्यांचा ढीग जमला, आणि ज्या घरात तान्हे मूल होते त्या घरी शाळकरी मुलाचे बूट गेले. तसे होऊ नये अशी इच्छा आहे. कुटुंबांची निवड कोणी करावी, वस्तू द्याव्यात की पैसे, आणि देणगीदार वाटपाची छायाचित्रे मागतात तेव्हा त्यांना काय सांगावे, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

पारिजात

कुटुंबांची निवड तुम्ही स्वतः करू नका, ही पहिली विनंती. जे लोक वर्षभर त्या घरांच्या संपर्कात असतात, म्हणजे शिक्षक, आरोग्यसेविका किंवा तेथे आधीपासून काम करणारी एखादी संस्था, त्यांनाच नावे सुचवू द्यावीत. कारण बाहेरून पाहणाऱ्याला तीच घरे दिसतात जी मागायला पुढे येतात. ज्या घरातील कमावती व्यक्ती नुकतीच अंथरुणाला खिळली आहे ते घर बहुधा गप्पच असते. नाव सुचवल्यावर त्याच व्यक्तीने कुटुंबाची संमती घ्यावी आणि "काय हवे आहे" हेही विचारावे. तुमच्या हाती नाव न येता फक्त क्रमांक यावा. क्रमांक आणि नाव यांची जुळणी एकाच जबाबदार व्यक्तीच्या वहीत असावी. सामायिक तक्त्यात ती मुळीच ठेवू नये, कारण असे तक्ते किती हातांतून फिरतील याचा नेम नसतो.

यादी जितकी नेमकी, तितके काम सोपे. "मुलगी, वय नऊ" एवढ्यावरून कपडे घेता येत नाहीत. उंची, सध्याच्या कपड्यांचे माप आणि पावलाची कागदावर काढलेली बाह्यरेषा मागवा. बुटांच्या बाबतीत ती रेषा कोणत्याही आकड्यापेक्षा भरवशाची ठरते, फक्त तिच्यापेक्षा बोटभर मोठा जोड घ्यायचा. घरात शिजवण्याची सोय काय आहे, वीज नियमित असते का, पथ्यपाणी काही आहे का, हेही विचारून ठेवावे.

एक गोष्ट हमखास निसटते. एकाच घरातील दोन भावंडांच्या चिठ्ठ्या दोन वेगळ्या देणगीदारांकडे गेल्या, तर एकाला सायकल मिळते आणि दुसऱ्याला रंगपेटी. एका घराची सगळी मुले एकाच देणगीदाराकडे द्यावीत किंवा खर्चाची वरची मर्यादा आधीच ठरवून द्यावी. वस्तू जमा करण्याची अंतिम तारीख वाटपाच्या निदान दहा दिवस आधीची ठेवा. शब्द देऊन ऐन वेळी न फिरकणारे दरवर्षी असतातच, आणि त्यांची जागा भरून काढण्यासाठी थोडी रोकड बाजूला ठेवलेली नसेल तर एखादे घर रिकामे राहते.

जमाखर्च

पारिजात यांच्या सूचना मान्य आहेत, पण मुळात वस्तूच का, असा माझा प्रश्न आहे. जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञांनी विद्यार्थ्यांना सणाला मिळालेल्या भेटींची पाहणी करून १९९३ मध्ये असा अंदाज मांडला की, भेटीच्या किमतीचा एक दशांश ते एक तृतीयांश भाग घेणाऱ्याच्या दृष्टीने वायाच जातो. जवळच्या मित्रांच्या भेटींत हे नुकसान कमी आणि दूरच्या नातेवाइकांच्या भेटींत जास्त आढळले. तुमचे देणगीदार तर त्या कुटुंबांना मुळीच ओळखत नाहीत.

निवडीचा हक्क घेणाऱ्याकडे गेला की काय होते, याचे मोठे उदाहरणही आहे. अमेरिकेतील अन्नपेढ्यांच्या फीडिंग अमेरिका या जाळ्यात (तेव्हा त्याचे नाव निराळे होते) आलेले अन्न पूर्वी पाळीपाळीने वाटले जाई, त्यामुळे बटाटे पिकवणाऱ्या भागाच्या वाट्यालाही बटाटेच येत. २००५ पासून प्रत्येक अन्नपेढीला पैशांऐवजी वापरायचे गुण देऊन हवे त्या मालावर बोली लावण्याची मुभा मिळाली, आणि माल गरजेच्या ठिकाणी जाऊ लागला. तुमच्या पातळीवर एवढा खटाटोप नको. कुटुंबाला रोख रक्कम किंवा खरेदीचे कूपन दिले तरी तेच साधते.

हिशेबाबद्दल थोडक्यात: पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नका, रोकड दोघांनी मिळून मोजावी, आणि तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर करसवलतीचे आश्वासन चुकूनही देऊ नये. नोंदणीकृत संस्थेमार्फत रक्कम स्वीकारणे सर्वांत सुरक्षित.

कोरा कागद

मी घेणाऱ्या बाजूने लिहितो. लहानपणी आमच्या घरी अशी मदत येत असे. छायाचित्रांना स्पष्ट नकार द्यावा. ज्यांना पुरावा हवा आहे त्यांना बांधून ठेवलेल्या पिशव्यांचे छायाचित्र आणि खर्चाचा तक्ता पाठवावा. तेवढ्याने समाधान न होणाऱ्या देणगीदाराला वेगळेच काहीतरी हवे असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलांच्या भेटी वेष्टनात गुंडाळून देऊ नयेत. वस्तू उघडी आणि वेष्टनाचा कागद वेगळा द्या, म्हणजे आत काय आहे हे आईवडिलांना कळते आणि मुलाच्या हातात ती भेट त्यांच्याकडून जाते. परक्या माणसांनी रांगेत उभे करून दिलेली भेट मुलाच्या लक्षात राहते, पण ती भेट म्हणून नव्हे. प्रत्येक कुटुंबाला वेगळी वेळ द्यावी, पिशव्या साध्या असाव्यात, त्यांच्यावर गटाचे नाव छापू नये.

जमाखर्च यांच्याशी मी जवळजवळ सहमत आहे. तरीही रोख रकमेसोबत मुलासाठी एक तरी वस्तू असावी, कारण हातात आलेले पैसे थकलेल्या भाड्यात जातात आणि ते योग्यच असते.

वाटसरू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कुटुंबामागे मोठा वाटा रोख आणि प्रत्येक मुलासाठी यादीतील एक वस्तू, असे ठरवतो आहोत. जुनी खेळणी आणि घरात उरलेली औषधे देऊ पाहणाऱ्यांना काय सांगावे?

पारिजात

औषधे कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत. खेळणी घेताना बॅटरीचा कप्पा तपासा. त्यात चपटी, बटणासारखी बॅटरी असेल आणि झाकण स्क्रूने पक्के बसवलेले नसेल, तर ते खेळणे बाजूला काढा. अशी बॅटरी गिळली गेल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजून निघू शकते. तीन वर्षांखालील मूल असलेल्या घरी सुटणारे बारीक भाग असलेले काहीच पाठवू नये. नाकारलेल्या वस्तू देणगीदाराला त्याच दिवशी परत करा, नाहीतर सण उलटून गेल्यावर त्यांची विल्हेवाट लावण्याचे काम तुमच्याच गळ्यात पडेल.