कमी दाबाचे रायफल काडतूस आणि पिस्तुलाचा प्रायमर: अदलाबदल करावी का?

डिचोलीहून, चर्चेचा आरंभ

माझा पुतण्या अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात राहतो आणि तिथल्या कायद्याच्या चौकटीत आपली काडतुसे आपणच भरतो. .30-06 या मापाच्या काडतुसाच्या जुन्या रायफलमधून तो शिशाची ओतीव गोळी बंदुकीची दारू कमी भरून चालवतो. 2020 नंतर तिकडे प्रायमरचा (काडतुसाच्या बुडातली, सुईच्या आघाताने पेटून दारू पेटवणारी छोटी वाटी) तुटवडा पडला, तेव्हा रायफलचे मोठे प्रायमर मिळेनात आणि पिस्तुलाचे मात्र हाती लागले. तेच वापरू का, असे त्याने मला विचारले, कारण तिकडे नोकरीला असताना मीही बारा वर्षे हा छंद केला आहे. मी त्याला मुळीच वापरू नकोस असे सांगितले. (आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो, रानडुकरांपासून बागायत राखण्यासाठी मिळालेल्या बंदुकीच्या परवान्यात तो येत नाही, हे इथल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

दोन्ही मोठ्या प्रायमरांचा व्यास 0.210 इंच असल्यामुळे पिस्तुलाचा प्रायमर रायफलच्या काडतुसात सहज बसतो आणि माणूस तिथेच फसतो. उंचीला तो सुमारे 0.008 इंच, म्हणजे 0.2 मिलिमीटर कमी भरतो. काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवले, तर नेहमीपेक्षा खोल खळगा बोटाला लागतो. एवढ्या फरकाने घोड्याच्या सुईचा आघात उणा पडू शकतो. शिवाय पिस्तुलाच्या प्रायमरच्या वाटीचा पत्रा पातळ असतो. .45 एसीपी या पिस्तुलाच्या काडतुसाची दाबमर्यादा 21,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, तर .30-06 ची 60,000. पत्रा फुटला, तर तापलेला वायू बोल्टमधून (काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यातून) मागे, थेट नेमबाजाच्या डोळ्याकडे येतो.

मडगावहून, विरोधी मत

आपण सांगितलेली 60,000 ची मर्यादा पूर्ण भरलेल्या काडतुसाची आहे. इथे प्रश्न कमी भरलेल्याचा आहे. एवढ्या कमी दाबात काडतुसाचे बूड बोल्टवर नीट रेटले जात नाही. सुईचा फटका आणि प्रायमरचा स्फोट काडतुसाला पुढे ढकलतो, त्याचा खांदा (तोंडाकडे निमुळता होणारा भाग) मागे दबतो आणि प्रायमर बुडाबाहेर डोकावतो. पिस्तुलाच्या मवाळ, म्हणजे कमी जोराच्या प्रायमरने हा त्रास कमी होतो. ओतीव गोळी वापरणारे कित्येक अनुभवी नेमबाज याच कारणासाठी पिस्तुलाचा प्रायमर निवडतात, तुटवडा असो वा नसो. त्यांच्या अनुभवाला चूक म्हणण्याआधी थोडा विचार व्हायला हवा.

फोंड्याहून

मडगावकरांचे खांद्याविषयीचे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ज्या अनुभवी लोकांचा ते दाखला देतात, ते एकाच रायफलसाठी, एकाच दारूवर, वेग मोजण्याचे यंत्र समोर ठेवून काम करतात. नवख्या माणसाला हा बदल सुरक्षित वाटण्याचे आणखी एक कारण आहे. घटक बदलला की दारू कमी करून सुरुवात करावी, हा पूर्ण भाराच्या काडतुसांचा नियम त्याला पाठ असतो. कमी भारात हाच नियम घातक ठरू शकतो, कारण दारू आणखी घटवली आणि प्रायमरही मवाळ असला, तर गोळी नळीतच अडकून राहते; आवाज दबका आला हे ध्यानात न येता पुढची गोळी झाडली, तर नळी फुटते. सावकाश जळणारी दारू तर उत्पादकाने छापलेल्या किमान भाराखाली कधीही नेऊ नये. अशा भारांत अकल्पित दाब उसळून रायफली फुटल्याची उदाहरणे आहेत आणि त्यामागचे कारण अजून निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

मडगावहून

नळीत गोळी अडकण्याचा धोका मला मान्य आहे, परंतु तो रायफलच्या प्रायमरनेही टळत नाही. तो प्रत्येक आवाजाकडे कान देऊन आणि शंका येताच नळीतून आरपार पाहूनच टळतो.

डिचोलीहून

ते खरे आहे आणि ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. तरीही माझी मुख्य भीती वेगळीच आहे. पिस्तुलाचा प्रायमर बसवलेले रिकामे पितळ (काडतुसाचे कवच) आणि रायफलचा प्रायमर बसवलेले पितळ शेजारी ठेवले, तर वर्षभराने दोन्हींतला फरक डोळ्यांना कळत नाही. उद्या त्याच पितळात कोणी पूर्ण भार भरला, तर पातळ पत्रा 60,000 च्या तोंडी जाईल. मी पुतण्याला भाराच्या छापील तक्त्यात जो प्रायमर दिला आहे, तोच मिळेपर्यंत थांबायला सांगितले. त्याने पिस्तुलाच्या प्रायमरांची डबी पिस्तुलाच्या खणात परत ठेवली असून आठ पितळांत आधीच बसवलेले प्रायमर रिकाम्या पितळातच उडवून टाकले आहेत.