सोलापुरात आज घ्यायची तर हायब्रिडच, ईव्हीची घाई कशाला?

सातरस्तेकर
घरात एकच गाडी परवडते अशा सोलापूरकरानं आज ईव्ही, म्हणजे निव्वळ बॅटरीवरची गाडी घेऊ नये, हायब्रिड घ्यावी असं माझं मत आहे. हायब्रिड म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, त्यातही स्ट्रॉंग हायब्रिड, इंजिन बंद ठेवून निव्वळ मोटरवर चालू शकते ती. माइल्ड हायब्रिडमधली छोटी मोटर इंजिनाला नुसता हात लावते, तिला या धाग्यात धरू नका.

कारणं सांगतो. आपल्याकडे निम्म्या घरांतली पोरं पुण्यात नाहीतर हैदराबादेत. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या वर. महामार्गावर शंभरच्या पुढे गेलात की हवेचा विरोध वाढतो आणि ईव्हीची कागदावरची रेंज, म्हणजे एका चार्जिंगमधला पल्ला, कागदावरच राहते. वर एप्रिल-मेमध्ये ४३-४४ डिग्री. एसी बंद करून कोण जाणार?

दुसरं, हे तंत्र मुरलेलं आहे. टोयोटाची प्रियस जपानात १९९७ च्या डिसेंबरात आली. ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद मोटर उलटी फिरवून बॅटरीत भरायची, सिग्नलला इंजिन बंद, संथ गतीला मोटर, वेग घेतला की दोन्ही. इंजिनही वेगळ्या चक्रावर चालवतात, त्यामुळे इंधनातली ४० टक्क्यांपर्यंत ऊर्जा कामी येते. मारुतीच्या ग्रँड व्हिटारा हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, होंडाच्या सिटी हायब्रिडचा २०२२ ला आली तेव्हा २६.५. रस्त्यावर २०-२२ धरा, तरी साध्या पेट्रोल गाडीच्या दीडपट.

आणि व्हिटाराची ती बॅटरी एक युनिटसुद्धा नाही, ०.७६ आहे. ४० युनिटच्या एका ईव्हीत जेवढी बॅटरी जाते तेवढ्यात पन्नास हायब्रिड निघतील. सेल बाहेरून आणायचे आणि एकाच गाडीत कोंबायचे, हा कुठला हिशोब?

लूमवाला
असहमत. मी ईव्ही वापरतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखाना आहे, छतावर सोलर आहे.

घर ते कारखाना, बाजार, एखादं लग्न, रविवारी अक्कलकोट. सोलापूर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असं केवढं आहे? वर्षातले बहुतेक दिवस पन्नास किलोमीटरच्या आत जातात. आता खर्च बघा. ईव्हीला किलोमीटरमागे ०.१४ युनिट धरा. घरगुती मीटरवर वरच्या स्लॅबचा महाग दर लागला, समजा १२ रुपये, तरी किलोमीटर पावणेदोन रुपयांच्या आत. पेट्रोल १०५ धरून तुमची हायब्रिड २२ देत असेल तर पावणेपाच. साधी गाडी १५ देते, तिला सात रुपये. माझी बरीचशी वीज छतावरून येते, त्यामुळे मला याहून स्वस्त पडते.

एसीचंही गणित आहे. कडक उन्हात कंप्रेसर दीड किलोवॉट खातो. साठच्या वेगाला गाडीला लागतात आठ. म्हणजे रेंज साधारण सहावा हिस्सा कमी, आभाळ कोसळत नाही. उलट हायब्रिडची बॅटरी एवढीशी असल्यामुळे मे महिन्यात सिग्नलला एसी चालू ठेवला की काही मिनिटांत इंजिन सुरू. बघा कधी आसरा चौकात थांबून.

तंत्र मुरलेलं म्हणता, तर वीजगाडी हायब्रिडच्या आधीची आहे. १८९९ मध्ये ताशी १०० किलोमीटरचा वेग मोटारीनं पहिल्यांदा ओलांडला, ती बेल्जियमच्या जेनात्झी या शर्यतपटूची गाडी विजेवर चालत होती.

सातरस्तेकर
मग शंभर वर्षं ती गेली कुठं? बॅटरी जड, पल्ला कमी, म्हणूनच ना? हायब्रिडही काल आलेली नाही. फर्डिनांड पोर्शेनं १९०० च्या सुमारास पेट्रोल इंजिन आणि चाकातल्या मोटरी अशी गाडी बनवलीच होती.

लूमवाला
पल्ला हे एक कारण. दुसरं, फोर्डची स्वस्त मॉडेल टी १९०८ मध्ये आली. तिसरं म्हणजे १९१२ ला कॅडिलॅकमध्ये सेल्फ स्टार्टर आला आणि हँडल मारायची कटकट गेली. पेट्रोल गाडीला जिंकवलं ते एका विजेच्या मोटरनंच, हे विसरू नका! आता बॅटरीचा भाव बघा. २०१० ला एक युनिट क्षमतेमागे हजार डॉलरच्या वर होता, २०२४ ला सरासरी ११५ डॉलर. तुमची ‘पन्नास हायब्रिड’वाली गोष्ट जुन्या भावात शोभत होती.

गाणगापूर_ट्रिप
लै बोलायलेत सगळे, गाडी चालवून पोट भरणाऱ्याला कोण विचारायलंय?

माझा धंदा यात्रेकरूंचा. स्टेशनवरून उचलायचं, अक्कलकोट, गाणगापूर, तिथून तुळजापूर, पंढरपूर. अंतराचं म्हणाल तर अक्कलकोट चाळीस, तुळजापूर पंचेचाळीस. ईव्हीत बसतं. पण माझी गाडी एका पार्टीला सोडून आली की दुसरी पार्टी उभी असते. घरच्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर तीन किलोवॉट येतात, ४० युनिटची बॅटरी भरायला रात्र पुरत नाही. फास्ट चार्जरवर युनिटला वीस-चोवीस मोजायचे तर किलोमीटर तीन-साडेतीनला जातो. मग लूमवाले, तुमचे पावणेदोन कुठं राहिले?

आणि चार्जर ॲपमध्ये हिरवा दिसतो, गेल्यावर बंद असतो. एकदा आजीबाईंना घेऊन रात्री असा अडकलो होतो मित्राच्या गाडीत. हॉटेलवाला म्हणाला, सकाळी माणूस येईल. चार्जर कंपनीचा फोन वाजून वाजून बंद.

सध्या सीएनजीच बरी.

नवीपेठ
सीएनजीच्या रांगेबद्दल पण लिहा की मालक.

मीटररीडर
दोन्ही बाजूंनी पैशाचं झालं. धुराचा हिशोब कुणी केला नाही, मी करतो. लांब आहे, कंटाळा आला तर शेवटच्या परिच्छेदावर या.

पेट्रोल एक लिटर जळालं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. साधी गाडी १५ ची, म्हणजे किलोमीटरला १५० ग्रॅमच्या थोडं वर. हायब्रिड २२ ची, म्हणजे १०५ ग्रॅम. ईव्हीच्या नळीतून काहीच नाही, पण वीज कुठून येते? देशाच्या ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, सरासरी एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास आहे. ०.१४ युनिटला १०० ग्रॅम. त्यात तारांमधली आणि चार्जिंगमधली गळती मिळवा, सव्वाशेच्या आसपास जाल. पेट्रोललाही विहिरीपासून पंपापर्यंत आणण्याचा धूर लागतोच, तो मिळवला की हायब्रिडही तिथेच पोचते. म्हणजे आजच्या ग्रिडवर हायब्रिड आणि ईव्ही जवळजवळ बरोबरीत.

आपल्या शेजारी फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं केंद्र आहे. कोळसा रेल्वेनं येतो, पाणी उजनीचं. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांत जवळपास नऊ ईव्ही होत्या, त्याचे गोडवे सगळे गातात. तिथली वीज बहुतेक धरणांची आहे.

पण एक फरक आहे आणि माझ्या मते तोच निर्णायक. आज घेतलेली हायब्रिड दहा वर्षांनीही तेवढंच पेट्रोल पिणार, जुनी झाल्यावर किंचित जास्तच. ईव्ही तीच राहून दरवर्षी स्वच्छ होत जाते, कारण ग्रिडमध्ये सोलर वाढतंय. शिवाय धूर कुठे निघतो त्यालाही अर्थ आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा मर्यादेबाहेर म्हणून नोंद झाली त्यांत सोलापूर आहे. गाडीच्या नळीतला धूर नाकाच्या उंचीवर निघतो, चिमणीतला नाही.

सातरस्तेकर
बरोबरी तुम्हीच दाखवलीत, आभारी आहे. ‘दहा वर्षांनी ग्रिड सुधारेल’ हे आश्वासन झालं. हायब्रिडची बचत पहिल्या दिवसापासून. आणि दुपारचं सोलर दुपारीच, गाड्या चार्ज होणार रात्री. तेव्हा ती फताटेवाडीचीच वीज की!

भीमाकाठ
तुम्ही सगळे पेट्रोल म्हणताय, पण पंपावर आता २० टक्के इथेनॉल आहे. ते येतं कुठून? आमच्या फडातून. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने असताना अरबांच्या तेलाचा नाहीतर चीनच्या बॅटरीचा विचार का करायचा? टोयोटानं २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत इथेनॉलवर चालणारी हायब्रिड इनोव्हा दाखवली, गडकरी स्वतः होते. तेच सोलापूरचं भविष्य. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, म्हणून मायलेज घटतं, मान्य. हायब्रिडमुळे ती तूट भरून निघते. पैसा शेतकऱ्याच्या खिशात राहतो.

कोरडवाहू
उसाच्या गोडव्याला मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्याचं उत्तर ऐका.

एक एकर ऊस, ४० टन चांगला धरू. रसापासून थेट इथेनॉल केलं तर टनाला ७० लिटर, म्हणजे एकरी २,८०० लिटर. निव्वळ इथेनॉलवर हायब्रिड लिटरला १५ चालली तर ४२ हजार किलोमीटर. वर्षभराचं पाणी घालून.

त्याच एकरावर सोलर लावा. एका मेगावॉटला पाच एकर धरले आणि मेगावॉट वर्षाला १५ लाख युनिट देतो, तर एकरी ३ लाख युनिट. गळतीसकट ०.१५ युनिटला किलोमीटर, म्हणजे २० लाख किलोमीटर. जवळजवळ पन्नास पट. पाणी लागतं ते काचा पुसायला. माझ्या मुरमाड रानावर, जिथं हुलग्याचंही धड येत नाही, तिथंही हे होतं.

शहरात काही-काही दिवसांआड नळाला पाणी येतं आणि आपण भीमेचं पाणी टाकीत ओतून गाड्या चालवायच्या गोष्टी करतोय.

भीमाकाठ
कागदावर पन्नास पट, ठीक. पॅनेलला कारखाना सभासद करून घेतो का? उसाचं वाढं जनावराला, चिपाडाची वीज, मळीची दारू नाहीतर इथेनॉल, पाचटाचं खत. पाच एकरवाल्यानं मेगावॉट लावायला कोट्यवधी आणायचे कुठून? आणि सगळा ऊस गाडीसाठी लावा असं मी म्हटलेलं नाही. साखर पडून राहते, भाव मिळत नाही, तिचं काहीतरी करा एवढंच.

कोरडवाहू
हां, साखर पडून राहते म्हणून इथेनॉल, हे पटतं. इथेनॉल हवं म्हणून आणखी ऊस, हे पटत नाही. आणि आत्ता चाललंय ते हे दुसरंच.

जुळे_सोलापूर
तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खाली पार्किंग. चेअरमन म्हणतात, चार्जर लावला तर आग लागेल. दुसरे म्हणतात, सगळ्यांच्या मीटरवर तुझी गाडी फुकट चालेल. कोणाचं हायब्रिड-ईव्ही काहीही असो, माझ्यासारख्यानं काय करायचं?

लूमवाला
दुसऱ्याची शंका रास्त आहे, म्हणून स्वतःचा वेगळा मीटर मागा. ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी जोडणी आणि वेगळा दर असतो. केबल खालच्या मीटररूमपासून तुमच्या जागेपर्यंतच ओढायची. सोसायटीला लेखी अर्ज द्या, तोंडी बोलून होत नाही. आधी इमारतीचं अर्थिंग तपासून घ्या, जुन्या बिल्डिंगांत ते नावालाच असतं आणि तिथेच खरा धोका आहे. एक्स्टेंशन बोर्डावर गाडी लावून झोपणाऱ्यांमुळे चेअरमन घाबरतात. सात किलोवॉटचा चार्जर घ्यायचा तर मंजूर भार वाढवावा लागेल. रोज पन्नास किलोमीटर असेल तर त्याची गरज नाही, पंधरा अँपियरवर अडीच-तीन तासांत तेवढं भरतं.

उन्हाळ्यात गाडी १०० टक्के भरून दुपारभर उन्हात ठेवू नका. उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी, या दोन्हींनी मिळून सेल लवकर म्हातारे होतात. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी असेल तर ती उष्णता जास्त सोसते. घेताना सेल्समनला हे विचाराच, आणि बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची आहे का तेही.

सातरस्तेकर
एवढं सगळं करायचं, अर्ज, मीटर, अर्थिंग, भार, सावली. हायब्रिडला फक्त पंप लागतो!

पण ज्या मुद्द्यावर कोणीच बोललं नाही तो मांडतो. ईव्हीला जीएसटी ५ टक्के. २०२५ च्या सप्टेंबरात दर बदलले, तरी १२०० सीसी किंवा चार मीटरच्या वर गेलेल्या हायब्रिडला ४० टक्के, म्हणजे तेवढ्याच मोठ्या साध्या पेट्रोल गाडीइतकाच. मोटर, बॅटरी, इन्व्हर्टर बसवून गाडी महाग होते आणि त्या वाढीव किमतीवरही ४० टक्के. पेट्रोल वाचवणाऱ्या यंत्रावरच सरकार चैनीच्या गाडीचा कर लावतं. टोलमाफीही मुंबई-पुणे द्रुतगती, समृद्धी आणि अटल सेतूवर, तीही ईव्हीलाच. आपला सोलापूर-पुणे रस्ता त्या यादीत नाही, म्हणजे इथला ईव्हीवालाही कोरडाच.

मीटररीडर
सवलत बचतीसाठी नसून बदलासाठी आहे. हायब्रिडच्या टाकीत शेवटी पेट्रोलच जातं, आणि कच्च्या तेलाचा ८५ टक्क्यांहून जास्त हिस्सा आपण आयात करतो. हायब्रिड स्वस्त केली तर चार्जर उभारायला कोण पैसे घालेल? रेवा ही छोटी ईव्ही २००१ मध्ये बंगळूरला निघाली, पण धड बाजार व्हायला टाटाची नेक्सॉन ईव्ही येईपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत थांबावं लागलं. २०१९ ला ईव्हीचा जीएसटी १२ वरून ५ वर आला, त्याचा यात हात नाही असं म्हणणार का?

सातरस्तेकर
हात आहे. म्हणूनच म्हणतो, तोच हात थोडा इकडे फिरवा. ५ नको, १८ करा. छोट्या हायब्रिडला १८ केलंच आहे, पण त्या मापात चालणारी स्ट्रॉंग हायब्रिड शोरूममध्ये दाखवा मला.

गाणगापूर_ट्रिप
१८ झाले की सांगा, मी पण बघतो. आत्ता पार्टी आली, अक्कलकोटला निघालो.